पेल्याच्या बुडावरचा पासवर्ड

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमचं घर स्मशानाच्या रस्त्याला आहे. भुतांना यायचंच असतं तर पत्तासुद्धा विचारावा लागला नसता... कुणी आलं नाही. बायको म्हणते, आले असतील, तुम्हाला बघून परत गेले असतील.

मला लिहिता फार येत नाही. हे मी फोनमध्ये बोलतोय आणि फोन लिहितोय. चुका झाल्या तर निम्म्या त्याच्या.

मी उखा. धुळ्यात एका भांड्यांच्या दुकानात बावीस वर्षं भांड्यांवर नावं टाकतो. लग्नातली कळशी, बारशाची वाटी, अमक्याकडून तमक्याला सप्रेम भेट — ते कोरायचं काम माझं. शाळा चौथीपर्यंत, त्यातही चौथी दोनदा. मराठी सावकाश वाचतो. इंग्रजी वाचत नाही, काढतो. कागदावर कुणी दिलं की चित्रासारखं.

आमचे मालक नाना. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या जळगावच्या जावयाने दुकानात कॉम्प्युटर बसवला. गिऱ्हाइकाचं नाव, गाव, मोबाईल नंबर, घरात लग्न कधी आहे — बठ्ठं त्यात. भांड्यावर नाव टाकून झालं की नाना एक बटण दाबतात आणि गिऱ्हाइकाला मेसेज जातो : 'तुमचं भांडं तयार आहे. घेऊन जा.' जावईबापू म्हणाले, ही यादी समोरच्या दुकानदाराच्या हातात गेली तर लग्नसराईत माशा मारत बसाल. पासवर्ड कुणाला सांगू नका आणि कागदावर तर लिहूच नका.

नानांनी कागदावर नाही लिहिला. मला बोलावून स्टीलच्या पेल्याच्या बुडावर कोरून घेतला.

मलाही ही मोठी हुशारी वाटली. कागद हरवतो, पेला कुठे जातोय? पेला माठावर ठेवला. आता आमच्याकडे पाणी कसं पितात, तर पेला उंच धरून, ओठ न लावता. पिणाऱ्याला बूड दिसत नाही, पण समोरच्याला दिसतं. म्हणजे तीन वर्षं जो तहानलेला आला, त्याने आमचा पासवर्ड दुकानभर दाखवला. वर कॅमेरा आहे, पण तो नुसता खोका. चोराने घाबरावं म्हणून लावलेला.

यंदा लग्नसराईत सोनगीरच्या एक अक्का आल्या. सत्तरीच्या असतील. नातवाचा फोन पुढे केला आणि म्हणाल्या, "भाऊ, मनी कळशी तयार शे म्हने. कोठे शे ती?"

मेसेज आमचाच होता. यादीत मात्र अक्कांचं नाव नव्हतं. त्या म्हणाल्या, कळशी थोरल्या लेकाच्या लग्नाच्या वेळी नाव टाकायला दिलेली. म्हणजे पंधरा वर्षं झाली... तेव्हा त्यांच्या घरात मोबाईलच नव्हता, आणि नातवाचं सिमकार्ड दोन महिन्यांपूर्वीचं. नाना माझ्याकडे बघायला लागले. मी माळ्यावर चढलो. कोपऱ्यातल्या गोणीत, खाली, कळशी होती. नाव टाकलेलं, अक्षर माझं. त्या काळी मी कामं खडूने फळीवर लिहायचो आणि शर्टाच्या बाहीने पुसायचो. अक्कांची कळशी बाहीला लागून गेली असणार.

"इसरी गया का रे?" अक्कांनी विचारलं. मी हो म्हटलं. अजून काय म्हणणार.

आठवड्याने शिरपूरचे एक रिटायर मास्तर आले. मेसेज तोच. त्यांचा तांब्या त्याच गोणीत सापडला.

जावईबापू जळगावहून आले. आल्याआल्या पाणी मागितलं. मी पेल्यात दिलं. मग त्याच पेल्याने नाना प्यायले तेव्हा जावईबापू समोर बसलेले... पुढचं सांगत नाही. जावई म्हणून ते सभ्य बोलले, एवढंच. मग कॉम्प्युटर तपासून म्हणाले, दोन्ही मेसेज इथूनच गेले, बरोबर पासवर्ड टाकून, दुपारी तीनच्या सुमारास.

दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. शटर खाली ओढून आत एकच माणूस झोपतो. तो मी.

नाना ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते हळू बोलले. "उखा, गोणीत काय आहे हे तुलाच माहीत. पासवर्ड तू कोरलेला. समोरच्या दुकानात तू चहाला जातो. यादी कुणाला दिली, एवढं सांग." मी म्हटलं, नाना, मला बटण दाबता येत असतं तर मी चौथी एकदाच केली असती. कुणी हसलं नाही. सराई संपेपर्यंत राहा, मग दुसरीकडे बघ, असं ठरलं.

दुसरीकडे कुठे? एका दुकानातून चोर म्हणून निघालेल्याला दुसरं दुकान दारात उभं करत नाही. आणि मला हे एकच काम येतं.

खरं सांगू, मला माझाच संशय यायला लागला. हाताने पासवर्ड कोरला आहे, म्हणजे हाताला तो पाठ असेल. झोपेत मीच उठत असेन तर? जावईबापूंनी नवा पासवर्ड टाकला, नानांनाही सांगितला नाही. तरी मी दुपारी झोपताना पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधली आणि दुसरं टोक पातेल्यांच्या चळतीला. हललो तर सगळी गल्ली जागी होईल. चारला उठलो तर चळत जागच्या जागी. पायाला मात्र मुंग्या. बरं वाटलं. आणि पाचला धरणगावची एक बाई फोन घेऊन दारात... तिचा डबाही गोणीतच होता.

चळतीचं नानांना सांगितलं. ते म्हणाले, साक्षीदार कोण, पातेलं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कॉम्प्युटरची वायर काढली, शटरला कुलूप लावलं आणि मला जेवायला घरी नेलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. नानी शेवभाजी वाढत होत्या. किल्ली नानांच्या खिशात, मी त्यांच्या समोर. भाकरी कुस्करत होतो तेव्हा माझ्या खिशात फोन वाजला. हात खरकटा, म्हणून नानांनीच तो काढला. बघितला. परत बघितला.

"काय आहे?" मी विचारलं.

"उखा," ते म्हणाले, "तुझं भांडं तयार आहे म्हणतात."

दुकानाच्याच नंबरवरून होता. मी आयुष्यात नाव टाकायला स्वतःचं भांडं दिलं नाही. आमच्या घरातल्या भांड्यांवर लोकांची नावं आहेत, बायकोला आहेरात आलेली.

आम्ही तसेच उठलो. नानांनी कुलूप उघडलं. वायर निघालेली, पडदा काळा. नाना साठीचे, गुडघे दुखतात, पण माझ्या आधी माळ्यावर चढले. गोणी उलटी केली. पाच-सहा भांडी होती, सगळी लोकांच्या नावाची. माझं एकही नाही. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू कुठेच जायचं नाही. माझं चुकलं." जावईबापूंनी नंतर तपासलं, तर त्या दुपारी कॉम्प्युटरमधून काहीच गेल्याची नोंद नव्हती. ते म्हणतात, बाहेरून कुणीतरी नंबर वापरतोय. मग गोणी त्याला कशी दिसते, असं मी विचारलं तर चिडतात. आता नवी व्यवस्था केली आहे आणि मेसेज थांबले आहेत.

माझी नोकरी राहिली. नाना आता मलाच किल्ली देतात. पण ज्याला मेसेज आला, त्या प्रत्येकाचं भांडं निघालं. माझंच निघालं नाही. कुणाला काही सुचत असेल तर सांगा. मी दुपारी झोपणं सोडलं आहे, आणि रोज एकदा माळा बघून येतो... अजून तरी नाही.