अंतरपाट परत आला

चहा घ्या, पण घोट जरा बेताने घ्या. हा किस्सा मी सांगायला लागलो की कुणाला तरी हमखास ठसका लागतो आणि मग शर्ट धुवायचं काम आमच्या हिच्याकडे येतं. मूर्खपणा सर्वस्वी माझा आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही उगाच कॉम्प्युटरला दोष द्याल. त्या बिचाऱ्याने मी सांगितलं तेवढंच केलं.

गोष्ट तेव्हाची, जेव्हा लोक कॉम्प्युटर चपला काढून बघायचे. मी नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला. मुख्याध्यापकांनी त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला, वर कव्हर घातलं आणि खोलीला कुलूप लावलं. मुलांनी तो खिडकीतून बघायचा आणि शिक्षकांनी दारातून. पुढे शिकवायला कदम मॅडम आल्या, तेव्हा कुठे त्याचं तोंड उघडलं.

एकदा मॅडमनी मला सहज एक गंमत दाखवली. फ्लॉपीवर एक साधं सॉफ्टवेअर होतं. एका पानावर चित्र काढायचं, पुढच्या पानावर तेच किंचित हलवून काढायचं, असं करत जायचं. मग बटण दाबलं की पानं भराभर उलटणार आणि चित्र चालायला लागणार. लहानपणी आपण वहीच्या कोपऱ्यात पळणारा माणूस काढायचो ना? तेच. फक्त इथे वही फाडली म्हणून कुणी कान पिळत नाही.

मी त्या खुर्चीतून उठायलाच तयार नव्हतो. अहो, आयुष्यभर मी काढलेली माणसं जिथल्या तिथे उभी होती. आता ती चालणार, वळणार, हात हलवणार! माउस मात्र हाताला जमेना. साबणाची वडी धरून सही करून बघा, म्हणजे कळेल. पण जिद्दीने बसलो आणि माझं पहिलं हलतं चित्र तयार केलं. झोक्यावरचा पोपट.

पोपटासाठी मी झोका फक्त डावीकडून उजवीकडे जाताना काढला. म्हटलं, परत येतानाची चित्रं उद्या काढू. मॅडम म्हणाल्या, काढायची गरजच नाही. त्यांनी एका चौकटीत तीन पर्याय दाखवले. चित्र एकदाच चालवून थांबवायचं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, किंवा शेवटापर्यंत नेऊन तसंच उलटं मागे आणायचं. त्यांनी तिसऱ्यावर खूण केली आणि माझा पोपट मजेत झोके घ्यायला लागला. निम्म्या मेहनतीत पूर्ण झोका. मला तर हे यंत्र म्हणजे साक्षात देवमाणूस वाटलं.

"सर, दुसरं चित्र कराल तेव्हा ही खूण बदलायला विसरू नका," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, बटणांचं तुम्ही बघा. रेषेचं आम्ही बघतो," मी म्हणालो. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. मला तर ते अजून झोपेत ऐकू येतं.

त्याच सुमारास माझ्या भाचीचं, शुभांगीचं लग्न ठरलं. ताई आणि दाजी देवळ्याला राहायचे, कांद्याची शेती आणि थोडाफार व्यापार. मुलगा नामपूरचा, चांगला शिकलेला, पण त्याच्याकडची माणसं जरा हळवी झाली होती. कारण आधी एका ठिकाणी त्याचा साखरपुडा झाला होता आणि मुलीकडच्यांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं होतं. मुलाच्या आजीने तर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की हार गळ्यात पडल्याशिवाय मी कुणावर विश्वास ठेवणार नाही.

आणि आणखी एक भानगड होती. शुभीसाठी पहिलं स्थळ मी आणलं होतं. आमच्या शाळेतल्या एका सरांचा मुलगा. ते ताईने आणि दाजींनी नाकारलं आणि मी बरेच दिवस फुगून बसलो होतो. नंतर राग गेला. पण राग गेलाय हे मी सगळ्यांना सांगायला हवं होतं, ते राहूनच गेलं.

उलट मी ठरवलं की असा आहेर करायचा की सगळ्यांनी बघत राहावं. बाकीचे मामा भांडी देतात, आपण हलतं चित्र देऊ. शुभी आणि नवरदेव समोरासमोर उभे. मध्ये अंतरपाट. तो बाजूला होतो, शुभी हसून हार घालते, नवरदेव हार घालतो, वरून अक्षता पडतात. शाळा सुटल्यावर रोज मी त्या खोलीत अनवाणी बसायचो. शुभीची हनुवटी, नथ, हिरव्या बांगड्या, सगळं हुबेहूब उतरलं. नवरदेवाची मिशीसुद्धा फोटो समोर ठेवून काढली. मशीन हळू होतं, म्हणून मी एकेक पान पुढे सरकवून तपासायचो. पूर्ण चित्र कधी चालवून बघितलंच नाही. खूण बदलली का, असं विचारताय? कसली खूण?

लग्नाचं शूटिंग बाळूशेठकडे होतं. पंचवटीतल्या त्यांच्या स्टुडिओत कॉम्प्युटरवरचं चित्र व्हिडिओ कॅसेटवर घ्यायची सोय होती. तिथे आम्ही ते पहिल्यांदा सलग चालवलं. शेवटची अक्षता पडली आणि मी ऐटीत बटण दाबून चित्र थांबवलं. कलाकाराला कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे, असं मी मुलांना नेहमी सांगतो. बाळूशेठ खूश झाले. म्हणाले, मांडवात टीव्ही लावणारच आहे, नवरदेव येईपर्यंत हेच फिरत ठेवू. मग त्यांनी चित्र पुन्हा सुरू केलं, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि कॅसेट भरेपर्यंत आम्ही मिसळ खायला गेलो. मिसळ उत्तम होती. मी दोनदा रस्सा मागून घेतला.

लग्नाच्या दिवशी मांडवात दोन टीव्ही. एक पुरुषांकडे, एक बायकांकडे. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला गेला होता, तिथून त्याची मिरवणूक निघणार होती. बाळूशेठ कॅसेट लावून देऊन कॅमेरा घेऊन तिकडे गेले. वऱ्हाडातली वडीलधारी मंडळी मात्र मांडवात खुर्च्यांवर बसली होती आणि बायकांकडच्या टीव्हीपुढे, अगदी पहिल्या खुर्चीत, नवरदेवाची आजी.

चित्र सुरू झालं. अंतरपाट सरला, हार पडले, अक्षता पडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, चेहरा तर अगदी आपल्या शुभीचा. मी नम्र दिसण्याचा प्रयत्न करत मधोमध उभा होतो.

आणि मग पडलेल्या अक्षता वर उडाल्या.

मला वाटलं, कॅसेट अडकली. तेवढ्यात नवरदेवाने शुभीच्या गळ्यातला हार काढून घेतला. मग शुभीने हात पुढे केले आणि नवरदेवाच्या गळ्यातला हार काढून घेतला. आणि हसत हसत घेतला हो! माझीच कामगिरी. हनुवटी हुबेहूब, हसू हुबेहूब. मग सरकत सरकत अंतरपाट परत दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. पुन्हा बाजूला झाला. हार घातला. हार काढला. दोन टीव्हींवर माझ्या भाचीचं लग्न लागत होतं आणि मोडत होतं.

मांडवात आधी हसू फुटलं, मग ते एकेका खुर्चीवर विझत गेलं. नामपूरच्या आजी उठून उभ्या राहिल्या.

"हाई काय शे? पोर हार घालस आनि काढी लेस?" त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "मना नातूले कसाले चिडावतस?"

मी धावलो. तो व्हिडिओ प्लेअर मी जन्मात हाताळला नव्हता. दिसेल ते बटण दाबलं. चित्र थांबलं. पण कुठे थांबलं? शुभीच्या हातात काढलेला हार, चेहऱ्यावर गोड हसू, आणि अर्धा सरकत आलेला अंतरपाट. दोन्ही टीव्हींवर तेच, गोठून राहिलेलं. त्यापेक्षा फिरत होतं तेच बरं होतं.

आता माणसं जोडाजोड करायला लागली. नवरदेवाचे काका म्हणाले की भाचीच्या मनातलं मामाला बरोबर माहीत असतं, मामाने आपल्याला इशारा दिलाय. त्यात आमच्याच नात्यातल्या एका मावशींना नेमकं तेव्हाच आठवलं की मामांनी आधी दुसरं स्थळ आणलं होतं. आणि ते त्या कुजबुजत सांगत होत्या, पण त्यांची कुजबूज सटाण्यापर्यंत ऐकू जाते.

दाजी डोक्यावरचा फेटा सावरत माझ्याकडे आले. "मास्तर, पोरगी माझी हाय. तुमच्या मनात काय हाय, ते एकदा सरळ बोला."

मी म्हणालो, "दाजी, शपथेवर सांगतो, हे सगळं पोपटामुळे झालंय."

खरं तेच सांगत होतो ना? पण व्याही खवळलेले असताना एखादा माणूस पोपटाला पुढे करायला लागला, तर तुम्ही काय समजाल? दाजी जवळ आले आणि त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला.

तेवढ्यात नवरदेवाच्या काकांनी एकाला मोटारसायकलवर मारुतीच्या देवळाकडे पिटाळलं. मिरवणूक तिथंच थांबवा, म्हणाले. थोड्या वेळाने लांबून ऐकू येणारा बँड मध्येच बंद पडला.

ताई स्वयंपाकाच्या बाजूने पदराला हात पुसत आली आणि काय झालं हे कुणी तिला सांगायच्या आतच तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी त्या प्लेअरसकट आत जावं. हौसेने केलेल्या चित्रापायी पोरीचं लग्न मोडलं तर मी ताईला तोंड कसं दाखवणार होतो?

आणि शुभी बाहेर आली. मुंडावळ्या एका बाजूला बांधलेल्या, दुसऱ्या बाजूला लोंबकळत. मागे दोन करवल्या धावताहेत. तिने टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मग सरळ आजींपाशी जाऊन खाली बसली.

"आजी, हा माझा मामा हाय," ती म्हणाली. "माझ्या बारशाला यानं पाळण्यावर मोर काढला व्हता. सगळे म्हणले, कोंबडी लय छान झाली. याच्या चित्रावरून काही ठरवू नका."

मांडवात हशा. अहो, तो मोरच होता! पण ती वेळ वाद घालायची नव्हती.

"आणि माझं विचाराल तर," शुभी पुढे म्हणाली, "मी एकदा हार घातला की काढणार नाय. तुमच्या नातवाला लवकर बोलवा, या शालूत मला लय उकडतंय."

आजींनी तिची हनुवटी धरून चेहरा वर केला. बराच वेळ बघितलं. मग मागे वळून म्हणाल्या, "बलावा रे मना नातूले." आणि मग माझ्याकडे बोट करून, "तू पोरना मांगे उभा ऱ्हा. हार घालना का तिना हात धरी ठेव."

बँड पुन्हा वाजायला लागला तेव्हा मी एका खुर्चीत बसून घेतलं. आनंदाने रडू येतं म्हणतात, ते काय असतं ते मला त्या खुर्चीत कळलं.

पुढे मंगलाष्टकं झाली. मामा म्हणून मी शुभीच्या मागे उभा होतोच. अंतरपाट बाजूला झाला, तिने हार घातला आणि मी आजींच्या हुकमाप्रमाणे तिची दोन्ही मनगटं घट्ट धरली. लग्नाच्या कॅसेटमध्ये ते अजून दिसतं. सगळे अक्षता टाकताहेत, आणि मी चोर पकडल्यासारखा नवरीला धरून उभा. ती दात आवळून मला म्हणत होती, "मामा, सोड आता, बांगड्या फुटतील." पण आजींनी मान हलवेपर्यंत मी सोडली नाहीत.

जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली. आता मात्र हसणाऱ्या शुभीला रडू आवरेना. ताईच्या गळ्यात पडून रडली, दाजींच्या पडली, माझ्याही. मीही रुमाल भिजवून टाकला. नवरानवरी आणि आजी जीपमध्ये बसली, बाकीचं वऱ्हाड मागच्या गाड्यांत. जीप निघाली, वळणापर्यंत गेली, आम्ही हात हलवत होतो.

आणि वळणावर जीप थांबली. थांबली आणि तशीच उलटी, मागे मागे, मांडवाच्या दिशेने यायला लागली.

पानसुपारीची चंची खुर्चीवर विसरली होती हो आजींची! दुसरं काही नाही. पण हे तेव्हा कुणाला माहीत? अख्खा मांडव जीपकडे बघायचं सोडून वळून माझ्याकडे बघायला लागला. दाजींनी कपाळाला हात लावला.

जीप माझ्यासमोर येऊन थांबली. आत शुभी डोळ्यांत पाणी आणि तोंडावर पदर घेऊन गदगदा हसत होती. आजींनी खिडकीतून मान बाहेर काढली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं,

"मामा, तुनं मशीन अजून बंद करं नही का?"