पाकीट घरी नेणारे काका

आमच्या बँडचे काका फुकट वाजवत नसत. लग्न असो, दुकानाचं उद्घाटन असो, नाहीतर एखाद्या चांगल्या कामासाठी निधी गोळा करायचा असो, पाकीट आधी आणि सूर नंतर. एरवी माणूस इतका मऊ, की बसमध्ये कोणी यांच्या पायावर पाय दिला तर हेच 'माफ करा' म्हणणार. पण या एका बाबतीत त्यांच्यापुढे कोणाची डाळ शिजत नसे.

काका सॅक्सोफोन वाजवत आणि दिवसभर किल्ल्या बनवत. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने पायरीवरच उभं राहायचं. किल्ली कुठल्या दाराची आहे हे ते कसून विचारत, दारामागे काय आहे हे कधीच नाही. मदतीचा कार्यक्रम घेऊन कोणी आलं की हातातली कानस खाली ठेवायचे.

"मांडववाल्याला पैसे देणार ना?"

"द्यावे लागतात हो."

"चहावाल्याला?"

"तो सोडतोय होय!"

"मग आम्हालाही द्या. थोडे द्या, पण द्या."

समोरचा ओशाळून हसायचा, किंवा तोंड वाकडं करून पायरी उतरायचा. उतरला की काका पुन्हा कानस उचलायचे.

आता गंमत ऐका. हे पैसे बहुतेक परतच जायचे. कार्यक्रमाआधी काका प्रत्येकाच्या हातात सारखं पाकीट ठेवत. त्यावर नाव नाही, खूण नाही. कार्यक्रम संपला की मागच्या खोलीत त्यांच्या सॅक्सोफोनची रिकामी पेटी उघडी असायची. आम्ही एकेकाने आत जायचं, दार लावायचं, आपलं वाद्य आवरायचं आणि मनात पन्नासपर्यंत मोजायचं. ज्याला द्यायचं असेल त्याने पाकीट पेटीत टाकावं, नसेल त्याने नुसते पन्नास मोजावेत. बाहेरचे सगळे भिंतीकडे तोंड करून उभे. शेवटी काका आत जाऊन, न बघता पेटी बंद करून आयोजकांच्या स्वाधीन करत. दुसऱ्या दिवशी रिकामी पेटी दुकानात परत यायची.

"एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?" आमचा ड्रमर दर वेळी विचारायचा. तो बँकेत कॅशियर, त्याला सगळं खिडकीसमोर झालेलं आवडायचं. गाणारी ताई तर कळवळून म्हणायची, "काका, दवाखान्यासाठी गायचे पैसे घेताना मला कसंतरीच होतं."

"घे आणि परत दे," काका म्हणायचे. "द्यायला आधी हातात असावं लागतं की नाही?"

की-बोर्डवाले मास्तर काहीच बोलत नसत. आणि मी? मी ट्रम्पेट वाजवतो, म्हणून काका मला 'बिगूल' म्हणत. मला हा सगळा प्रकार शुद्ध नाटक वाटायचा. मी तेव्हा छापखान्यात नोकरीला होतो, हात सैल होता, पाकीट दर वेळी पेटीत टाकत होतो आणि ते कोणाला दिसत नाही याचा मला राग यायचा. खोटं कशाला सांगू? दिलंय तर दिसू दे की चार लोकांना, असं वाटायचं. पन्नास मोजताना मी तेरा-चौदावरच कंटाळायचो.

मग छापखाना बंद पडला. सकाळी गेलो तर दाराला कुलूप, त्याची किल्लीही काकांनी बनवलेली नव्हे, नाहीतर उघडून तरी घेतलं असतं. घरी बायकोला सांगितलं, बँडमध्ये कोणाला कळू दिलं नाही. विचारलं तर 'काम जोरात आहे' म्हणायचो. फुशारकी मारणाऱ्या माणसाला अडचण सांगता येत नाही.

दोन महिने असे गेले. तिसऱ्या महिन्यात मुलीचा चष्मा मोडला. नंबर मोठा, वय दहा वर्षं. आधी दांडी तुटली, ती बायकोने दोऱ्याने बांधली. मग एक काच तडकली आणि गुरुवारी दुसरी पडून फुटली. पोरगी पुस्तक नाकाला लावून अभ्यास करायला लागली. सोमवारी वार्षिक परीक्षेचा पहिला पेपर. चष्मेवाल्याने नवा चष्मा करून ठेवला होता. "रविवारी आठपर्यंत दुकान उघडं आहे, पैसे आणा आणि घेऊन जा," एवढंच तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

आणि त्याच रविवारी दुपारी चारला आमचा कार्यक्रम होता, धर्मादाय दवाखान्याला रक्त शुद्ध करायचं यंत्र घ्यायचं म्हणून. शाळेचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पडद्याला धुळीचा वास. व्यासपीठाच्या कडेला एक काचेची पेटी ठेवली होती, आरपार दिसणारी. पडद्यामागे काकांनी पाकीट हातात ठेवलं तेव्हा मी ते कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि वरून दोनदा चाचपून पाहिलं. चष्म्याचे पैसे बरोबर त्यातून निघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, बरं झालं हा माणूस हट्टी आहे.

दवाखान्याच्या चिटणीसबाई मोठ्या प्रेमळ. त्यांच्या आवाजाला माईकची गरज नव्हती, तरी त्या माईकवर बोलत. मध्यंतरात चहा पिताना ताई त्यांना कौतुकाने सांगून बसली, "आमच्याकडे सगळे पैसे परतच देतात हो." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं, कारण ती स्वतः परत देत होती.

शेवटचं गाणं राहिलं होतं आणि चिटणीसबाई व्यासपीठावर आल्या. डोळ्यांत पाणी. "आज मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे," त्या म्हणाल्या. "या पाचही कलावंतांनी आपलं संपूर्ण मानधन आपल्या दवाखान्याला दिलेलं आहे! आता ते एकेक करून पुढे येतील आणि आपल्या हाताने पाकीट या पेटीत टाकतील. जोरदार टाळ्या होऊ द्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाला गुडघ्यावर बसला. ताई हसत उठली, पाकीट टाकून आली. कॅशियर तर ड्रमवरून उडीच मारून गेला, खिडकीसमोर होत होतं ना सगळं. मास्तर उठू की नको अशा बेतात, चष्मा पुसत बसलेले. आणि मी उभा राहिलो. पाकीट टाकलं तर उद्या पोरगी प्रश्नपत्रिका नाकाला लावणार. नाही टाकलं तर चारशे लोकांपुढे मी एकटा कंगाल, किंवा एकटा चोर. खिशातून पाकीट काढलं. हो, काढलं. पोरीपेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली, हे लिहिताना आजही मान खाली जाते. दोन पावलं टाकलीसुद्धा.

तेवढ्यात काका माईकपाशी गेले.

"बाई, एक मिनिट. माझं पाकीट मी घरी नेणार आहे."

टाळ्या पडल्या त्या अर्ध्यावरच थांबल्या. चिटणीसबाई गोंधळल्या. "अहो, पण मला वाटलं की..."

"तुमचा गैरसमज झाला. मी काम केलं, त्याचे पैसे घेतले, ते मी घरी नेणार."

तिसऱ्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "लाज वाटत नाही का हो?"

"वाटते ना," काका शांतपणे म्हणाले. "पण एक गाणं राहिलंय, ते आधी वाजवतो." आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बिगूल, जागेवर ये. सूर धर."

मी पाकीट खिशात घातलं आणि जागेवर आलो. मास्तरांनी बोटं पुन्हा की-बोर्डवर ठेवली. पुढे कोणी आमच्याकडे बघतसुद्धा नव्हतं, सगळ्यांचे डोळे काकांवर. त्या गाण्यात मी काय फुंकलं मला आठवत नाही. काकांचा सूर मात्र एका जागीही हलला नाही. टाळ्या वाजल्या त्या दहा-बारा लोकांच्या.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत पेटी नेहमीसारखीच उघडी होती. मी आत गेलो, दार लावलं आणि पहिल्यांदाच एकही आकडा न गाळता पन्नासपर्यंत मोजलं.

सातच्या सुमाराला चष्मा घेतला. मग मुलीला घेऊन उगाच एक चक्कर मारून आलो. ती रस्त्यावरची एकेक पाटी मोठ्याने वाचत होती. दातांचा दवाखाना. येथे पंखे दुरुस्त होतील. गाड्या लावू नयेत. मी दर पाटीला 'शाब्बास' म्हणत होतो.

काकांचं नाव मात्र खराब व्हायचं ते झालं. दोन ठरलेले कार्यक्रम हातचे गेले. दुकानाच्या फळीवर कोणीतरी खडूने 'पाकीटवाले' लिहून ठेवलं, ते काकांनी पुसलं नाही, आपोआप गेलं. ताई पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही. सरावाला आलो की कॅशियर काकांना ऐकू जाईल असं पुटपुटायचा. मी सगळं ऐकत होतो आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो. महिन्याभरात मला दुसरी नोकरी लागली, तरी बोललो नाही. आता सांगू, मग सांगू, करता करता राहूनच गेलं.

एकदा काकांच्या घरी गेलो तेव्हा काकू शिवणयंत्रावर बसलेल्या. यंत्राला नवी कोरी मोटर. पाय न मारता सुई सुसाट. "तुमच्या काकांनी आणली," काकू हसत म्हणाल्या. "इतक्या वर्षांत मदतीच्या कार्यक्रमाचं एक पाकीट कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. त्या रविवारी घेऊन आले. म्हणाले, चारचौघांत घरी नेणार म्हणून सांगून बसलोय, आता नेलंच पाहिजे, नाहीतर खोटं बोलल्यासारखं होईल." मी चहा न पिताच उठलो.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. काकांचे पुढचे दात गेले आणि सॅक्सोफोन सुटला. वाद्य त्यांनी विकलं, पेटी मात्र मला दिली. आता बँड मी सांभाळतो. दवाखान्याच्या त्याच चिटणीसबाई दरवर्षी बोलावतात आणि पाकिटं आधी स्वतः आणून देतात. काचेची पेटी पुन्हा कधी दिसली नाही.

गेल्या आठवड्यात आमची नवी क्लॅरिनेटवाली, पेशाने नर्स, भिंतीकडे तोंड करून उभी असताना मला म्हणाली, "हे पन्नास मोजायचं काय नाटक आहे हो?"

"मोज मुकाट्याने," मी खेकसलो. बिचारी दचकली. पण तिच्या प्रश्नाने मला रात्रभर चैन पडू दिलं नाही. सकाळी उठलो आणि थेट जिन्याखालचं दुकान गाठलं.

काका कानशीने किल्ली घासत होते. मी पायरीवर उभा राहून सगळं सांगितलं. छापखाना, चष्मा, खिशातून काढलेलं पाकीट, दोन पावलं. म्हटलं, "काका, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी उभे राहिलात. तुमचे उपकार मी कसे फेडू?"

काका भडकले. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"कोणी सांगितलं तुझ्यासाठी? मला काय माहीत तुझं पाकीट कुठे जातं! पाच माणसं आहेत, एखाद्याला गरज असणारच, एवढंच मला ठाऊक होतं. अकरा वर्षं मी कोणाबद्दल विचार केला नाही. आणि आज तू येऊन सगळं ओतलंस! सांगायचं नसतं रे हे. कोणालाच सांगायचं नसतं."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

काका पुन्हा किल्ली घासायला लागले. मी पायरीवर तसाच उभा. एक गिऱ्हाईक आलं, दोन किल्ल्या घेऊन गेलं. काकांनी किल्ली उजेडात धरली, फुंकर मारली, पुन्हा घासली. मग वर न बघता विचारलं, "पोरीला पेपर नीट दिसला ना?"

"दिसला, काका."

"बरं झालं," ते म्हणाले.