तेरवीच्या दिवशी पोट्टी कॉलेजात

माझी नात मोर्शीच्या शाळेत नववीत आहे. पहिल्या बाकावरची नाही, नापास होणारीही नाही. पंचावन्न टक्केवाली. अशा लेकरांकडे कोणी पाहत नाही. हुशाराला हार घालतात, नापासाला शिव्या देतात, मधल्याचं नावही मास्तरला आठवत नाही. यंदा शाळेनं या मधल्यांसाठीच एक ऐच्छिक विषय काढला, कॉलेजची तयारी. धडा आपल्या शब्दांत लिहायचा, घोळक्यात बसून एकमेकांना समजावायचा, न समजलं तर उभं राहून विचारायचं.

मला आधी वाटलं, पोरीला ढ ठरवली. गेलो शाळेत भांडायला.

"माह्या नातीले ढ पोट्ट्यांत काहून टाकलं?"

मास्तरीण म्हणाली, "आबा, ढ असती तर घेतलीच नसती. लय हुशार असती तरी नसती घेतली."

घरी येऊन बायकोला सांगितलं. बुढी म्हणे, "मंग आपल्यासारख्याचा वर्ग हाय म्हना की!" मी चौथी शिकलो, ती तेवढीही नाही. पण पोट्टी कॉलेजात जाईल, हे तिनं त्या दिवशीच मनात पक्कं केलं.

आणि मग बुढी गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, परत आणली ती कापडात गुंडाळून. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

तेरवी आली त्याच दिवशी त्या वर्गाला अमरावतीचं कॉलेज दाखवायला नेणार होते. वर्षातून एकच फेरी. पोट्टीनं गणवेश इस्त्री करून कपाटात लपवून ठेवला. मी पाहिलं. सकाळी तिला मीच बसस्टँडवर सोडून आलो.

आमच्यात तेरवीला गेलेल्या बाईचं पान घरातली पोरगी वाढते. पंगत बसायची वेळ झाली आणि अकोल्याहून आलेली माझी मोठी बहीण शोधायला लागली.

"पोट्टी कुठी हाय?"

"कॉलेजात."

"आज? भाऊ, डोकं भादरलं तं अक्कलबी गेली का तुही? बुढीचं पान कोन वाढीन?"

"मी वाढतो."

"मानूस वाढते का कुठी पान?"

"जेवन थोडीच बनवाचं हाय, नुसतं वाढाले काय जाते?"

वाढलं. वरण सांडलं, भजं विसरलो, ते सुनेनं आणून दिलं. सारे टकामका पाहत होते. पाहू द्या.

बहीण जेवली, पण गप्प बसली नाही. "पंचावन्न टक्क्यावर कोनतं कॉलेज घेते बाप्पा? बारावी झाली का माह्या पाहन्यात वरूडचा एक पोरगा हाय, संत्र्याच्या बगीचेवाला."

"बगीचा त्याचा त्याच्यापाशी राहू दे."

दिवेलागणीला पोट्टी आली. सारे ओसरीवर होते. बहिणीनं टोमणा मारलाच, "काय आनलं वं आजीच्या तेरवीले?"

पोट्टी घाबरली नाही. "प्रश्न विचारला कॉलेजच्या मोठ्या मॅडमले. म्हटलं, पंचावन्न टक्केवाल्याले घेता का? त्या म्हने, घेतो. बारावीत एवढेच पडले तरी आर्ट्सले घेतो. सारे हसले, मी नाही हसली."

बहीण पिशवी भरायला उठली.

"वर्षश्राद्धाले तरी घरी ठेवशीन का तिले?"

"शाळा असली तं नाही ठेवत," मी म्हणालो.