अदलाबदलीची अडचण

सॉफ्टवेअर टेस्टरच्या नोकरीने मला एक वाईट खोड लावली. काहीही हातात आलं की आधी त्यातल्या चुका दिसतात. हिंजवडीत मला त्याचाच पगार मिळतो, पण घरी आल्यावरही ती खोड सुटत नाही. हॉटेलचं मेन्यूकार्ड म्हणू नका, लग्नाची पत्रिका म्हणू नका. पप्पांच्या गेममधली चूक मात्र मी काढायला नको होती.

पप्पा कंपनीतून रिटायर झाले आणि लगेच गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. चिंचवडच्या घरात पडल्या पडल्या टीव्हीला शिव्या घालायचे. आई वैतागली, म्हणून मी माझा जुना लॅपटॉप दिला आणि मी कॉलेजात खेळायचे तो ऑनलाइन गेम लावून दिला. चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे, झुंजवायचे. गेम कुठल्या कंपनीचा नव्हता, अशा खेळांच्या चाहत्यांनी हौसेने बनवलेला होता. पप्पांचं इंग्रजी कामापुरतं, तरी बघता बघता त्यांनी फौज उभी केली. सतत फुगून बसणाऱ्या एका प्राण्याचं नाव त्यांनी ‘सुपरवायझर’ ठेवलं.

त्या गेमची एक अट होती. काही प्राणी कितीही वाढवले तरी पुढचं रूप घेत नाहीत. ते दुसऱ्या खेळाडूला द्यावे लागतात, त्याच्याकडे गेल्यावर बदलतात, मग त्याने ते परत करायचे. अनोळखी माणसाच्या हाती सुपरवायझर द्यायला पप्पा तयार नव्हते. त्यामुळे मला फोन यायचा.

“काय करायलीस? ऑनलाइन ये की जरा.”

“मीटिंगमध्ये आहे, पप्पा.”

“मग जेवल्यावर ये. देतो आन् लगेच परत घेतो, बघ.”

काम मिनिटभराचं, पण सर्व्हर हमखास अडखळायचा. तो हलेपर्यंत फोनवर गप्पा. भाजी काय केलीस, आईचं दूधवाल्याशी कसं वाजलं, कॉलनीत कोणाकडे पाहुणे आलेत. मी एका कानाने ऐकायचे आणि मनातल्या मनात सर्व्हरच्या नावाने बोटं मोडायचे.

शेवटी मी टेस्टरचं डोकं चालवलं. एका माणसाचं काम दुसऱ्यावाचून अडतं, हा माझ्या हिशेबी सरळसरळ दोष. चाहत्यांनीच बनवलेले असे आणखी गेम धुंडाळले, शेजारी शेजारी ठेवून तपासले. एक सापडला. चित्रं सुरेख, सर्व्हर पळणारा, मोबाइलवर चालणारा. अदलाबदल करता यायची, पण तिची सक्ती त्यांनी काढून टाकलेली. गेममधल्या दुकानातून एक खडा आणायचा, प्राण्याला द्यायचा, की तो बदलला.

रविवारी जाऊन तो पप्पांच्या मोबाइलवर टाकला. “यात कोणाची गरज लागत नाही, पप्पा,” मी फुशारकीने सांगितलं.

त्यांनी मोबाइल हातात घेतला. मग म्हणाले, “बरं झालं. तुला तरास नको.”

त्यानंतर फोन कमी होत गेले, आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला बरंच वाटलं. जेवणाची सुट्टी माझी मला मिळू लागली. मग एक दिवस डबा खाताना लक्षात आलं, की चिंचवडच्या घरात काय चाललंय ते मला काहीच ठाऊक नाही.

पप्पांना जुन्या गेममध्ये परत न्यायचं ठरवलं. उघडून बघते तर नुसती सूचना: बनवणाऱ्यांना आता वेळ देता येत नाही, सर्व्हर बंद केला आहे. सुपरवायझर त्यातच राहिला.

परवा चिंचवडला गेले. पप्पा सोफ्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. त्यांच्या शेजारी बसून मी त्याच नव्या गेममध्ये माझं खातं उघडलं.

“पप्पा, एखादा प्राणी द्या ना मला. लगेच परत देते.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “कशाला गं? सगळे बदललेत माझे. तूच तर शिकवलंस.”

ते पुन्हा खेळायला लागले. मी गेम चाळत बसले. एकही चूक सापडली नाही.