जसोदाबाईची कंबर

नंदुरबारला मिरची वाळवायच्या मोकळ्या पथारीवर देठ खुडता खुडता जसोदाबाईची कंबर कायमची धरली होती. देशोदेशीच्या डॉक्टरांना वेदनाशास्त्र शिकवणाऱ्या एका धर्मादाय संस्थेने विलायतेला पाठवलेला डॉक्टर पासष्ट साली परतला आणि तिला सुई देऊ लागला. तेवढाच आराम. पण संस्थेचे गोरे पाहुणे आले, त्या दिवशी हा शहाणा म्हणाला, "आज सुई नको. पाहुण्यांना दुखणं दिसलं, तरच संशोधनाला मदत मिळेल."

मेल्याने विलायतेतून हीच अक्कल आणली!

पाहुण्यांसमोर डॉक्टरने तिला कण्हायची खूण केली. जसोदाबाई दात आवळून काठीसारखी ताठ उभी राहिली, खदखदून हसली आणि म्हणाली, "डाक्टर, दुखनं मन्हं शे. ते तुन्हा तमाशानी ढोलकी नही!"