रिकाम्या वेळाची क्रियापदं

कप्तानांवर अन्याय झाला तो त्रेसष्ट साली, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला. आपल्या वाडीच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीला समितीनं कुलूप ठोकलं आणि तिथं भरणारा त्यांचा स्पॅनिशचा वर्ग पावसात उभा राहिला. हे आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे माणूस गेला की त्याचे गुण सांगतात आणि त्याला कोणी छळलं ते पोटात ठेवतात. मला ती सवय नाही.

"हातातला खाली ठेवा!" या वाक्यानं कप्तानांचा वर्ग सुरू व्हायचा.

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्या किनाऱ्यावरची माणसं रिकाम्या हातानं बसत नाहीत. गप्पा मारताना पुरुष जाळं शिवतात, बायका सुंभ वळतात. कप्तान दारात उभे राहत आणि जाळ्याची सुई, सुंभाचं भेंडोळं, सगळं पडवीत ठेवायला लावत. मग स्वतःची टोपी काढून खुर्चीवर ठेवत. खुर्ची टोपीला, कप्तान उभे.

ते कप्तान कधीच नव्हते. बोटीवर ते स्वयंपाकघरात कांदे सोलत. बढती गावानं दिली. त्यांची बोट दक्षिण अमेरिकेच्या बंदरांना जाई. बोटीवर हुकूम इंग्रजीत, शिव्या हिंदुस्थानीत. स्पॅनिश कानावर पडली ती सुट्टी मिळून धक्क्यावर उतरल्यावरच. त्यामुळे त्यांना क्रियापदं येत ती सगळी मौजेची. कान्तार म्हणजे गाणं, बायलार म्हणजे नाचणं, पासेआर म्हणजे फिरायला जाणं. ओझं उचलण्याला काय म्हणतात असं कुणी विचारलं की म्हणत, "ता माका ठावक नाय. तेव्हा मी बोटीर होतंय."

वर्गात बाकी सगळे बोटीवर नोकरी मिळण्याची वाट बघणारे तरुण. मी बोटीची वाट बघत नव्हतो. मी युवक मंडळाची पत्रकं लिहीत असे आणि अन्याय कुठे होतोय का ते बघत हिंडत असे. पाऊस होता, होड्या वर ओढलेल्या होत्या, म्हणून मीही बसलो. 'मे गुस्ता' म्हणजे मला आवडतं. त्याच्यापुढे क्रियापद लावायचं, झालं वाक्य.

गाडं अडलं पेस्कारवर. पेस्कार म्हणजे मासे पकडणं. तिकडचे लोक सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसतात, असं कप्तान बोलून गेले आणि वर्ग पेटला.

"सुट्टेक मासे? मग कामार जावन काय करतत?"

"आणि गावलो मासो तर?"

"कधी कधी परत पाण्यात सोडतत," कप्तान म्हणाले.

"येडे आसत काय ते?"

पेस्कार हे काम आहे, असा ठराव बहुमतानं मंजूर झाला आणि शब्द फळ्यावरून पुसला गेला. कप्तानांनी स्वतःच पुसला. "तुमचा बरोबर," म्हणाले, "थंय मासे पकडणारे येगळे आणि खाणारे येगळे असतीत."

शेवंती वर्गात आली ती पावसामुळे. सुकी मासळी विकून परतताना आडोसा म्हणून पडवीत थांबली. कप्तानांनी आतूनच ओरडून सांगितलं, "गो शेवंते, हातातला खाली ठेय आणि भितर ये." तिनं पाटी ठेवली. कप्तानांनी तिलाही विचारलं, "काम सोडून तुका काय करूक आवडता?"

"काम सोडून? काम सोडून कित्याक?"

पोरं हसली. कप्तान हसले नाहीत. टोपी उचलून त्यांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. शेवंती बसली. मग म्हणाली, "माका नुसता बसूक आवडता, कप्तानानू. कोणी हाक मारूची नाय."

"देस्कान्सार," कप्तान हळूच म्हणाले. देस्कान्सार म्हणजे विसावा घेणं. "मे गुस्ता देस्कान्सार. म्हण."

ती म्हणाली. पुढच्या रविवारी ती आणखी दोघींना घेऊन आली. मग आणखी आल्या. पावसाच्या आवाजावर मात करून बायकांचं देस्कान्सार बाजारापर्यंत ऐकू जाऊ लागलं, आणि कुणीतरी त्याचा अर्थ समितीच्या अध्यक्षांच्या कानावर घातला.

अध्यक्ष वर्गात येऊन कचेरीतल्या मराठीत बोलले, "वाचनालय ज्ञानासाठी आहे. आपण इथे आळस शिकवता, तोही स्त्रियांना!"

"आळस माका खंय येता?" कप्तान म्हणाले. "मी अजून शिकतंय."

दुसऱ्याच संध्याकाळी कुलूप.

मी रात्रीतून पत्रक लिहिलं. विश्रांती हा कष्टकऱ्यांचा जन्मसिद्ध हक्क, समितीची हुकूमशाही, सगळं दारूगोळ्यासकट. कप्तानांनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, "आयतवारी तू काय करतंस रे?"

"पत्रकं लिहितो."

"आणि पत्रकां नसतीत तेव्हा?"

"पत्रकांचा विचार करतो."

"ठेय खाली ता," म्हणाले, "आणि चल, पासेआर." किनाऱ्यावरून बांधापर्यंत फिरवून आणलं मला. कुलपाबद्दल एक शब्द बोलू दिला नाही. रागावलो होतो, पण खोटं कशाला सांगू, मजा आली.

होड्या ठेवायच्या मांगरात, छपराखाली, त्यांनी वर्ग भरवून पाहिला. पण मांगरात सगळीकडे जाळीच जाळी. कुणी बसलं की हात आपोआप शिवायला लागत. शेवंतीचेसुद्धा. कप्तान बघत राहत. "हय जमाचा नाय," म्हणाले. "हेंका काम दिसाक नको अशी एक खोली व्हयी." त्या एका खोलीसाठी ते अध्यक्षांच्या दुकानावर पुन्हा पुन्हा गेले. दरवेळी हसत गेले, दरवेळी नाही ऐकून हसत आले. शेवटी विजयदुर्गला लेकीकडे राहायला गेले आणि गेल्या पावसाळ्यात तिकडेच वारले.

खोलीत आता मंडपाचे बांबू आहेत. रविवारी शेवंती आणि तिच्या मैत्रिणी वाचनालयाच्या पायरीवर बसतात. पागोळ्या पाठीवर पडतात, येणाराजाणारा "घराक काम नाय काय गो?" म्हणून विचारतो, आणि त्या उठतात.

वाचनालयाचे सभासद तुम्ही आहात, बांबू नव्हेत. समितीची सभा गणपतीनंतर आहे. या, खोलीची किल्ली मागा, आणि ती शेवंतीच्या हातात पडल्याशिवाय जागचे उठू नका.