पाडव्याला माघारी फिरलेल्या म्हशी

उज्जैनला देवास गेटवर बस धरली की कंडक्टरला गावाचं नाव सांगायचं नाही. "भैंसवाली टेकडी" म्हणायचं, तो बरोब्बर उतरवतो. टेकडी म्हणजे तरी काय, काळ्या जमिनीतून मुरमाचा एक उंचवटा वर आलाय, परात उपडी घालावी तसा. तीन बाजूंनी नाला वळसा घेतो. नाल्याच्या आत गवळ्यांची वस्ती आणि नाल्याच्या बाहेर एकच घर. ते आमचं.

हे गवळी पूर्वी जुन्या शहरात राहायचे, राम घाटाकडे उतरणाऱ्या गल्ल्यांत. पहाटे म्हशी शिप्रेत डुंबायच्या आणि यात्रेकरू त्यांच्या शेजारीच. पुढे यात्रेकरू वाढले, म्हशींना जागा पुरेना, तेव्हा सगळी मंडळी ढोरं हाकत शहराबाहेर पडली. इथेच का थांबली याबद्दल वस्तीत आजही झगडा आहे. म्हातारे सांगतात, म्हशी इथल्या डबक्यात बसल्या त्या उठेचनात. म्हाताऱ्या सांगतात, म्हशी कुठल्या, तुमची पणजीच बसली आणि म्हणाली, "अब मैं एक पाँव नहीं चलूँगी." मला दुसरं खरं वाटतं.

घरं बांधली तीही म्हशींच्या सोयीनं. उंच, कोरडी जागा गोठ्यांना, आणि माणसं कडेकडेनं, मिळेल तिथे. दोन म्हशी शिंगं न अडकवता एकमेकींजवळून जाव्यात एवढ्या गल्ल्या रुंद. आजही कुणाची मोटार आत शिरली आणि समोरून म्हैस आली, तर मागे मोटारच जाते.

आमच्या सासरच्यांच्या पूर्वजांनी दरबारात लेखणी चालवली, तेव्हा नाल्यापलीकडचा हा जमिनीचा तुकडा मिळाला होता. सासरे मास्तरकीतून निवृत्त झाले, इथे घर बांधलं, म्हशी घेतल्या आणि स्वतःला गवळी समजू लागले. वस्ती मात्र समजेना. वस्तीतली माणसं दरवर्षी पावसाआधी नाल्यात दगड रचून रपटा करायची, म्हणजे पाण्यातून पलीकडे जायची बुटकी वाट. जिथे जिथे त्यांची घरं, तिथे तिथे रपटा. आमचं घर वस्तीत धरलेलंच नव्हतं, मग रपटा कशाला? शहराचा रस्ता वस्तीतूनच, म्हणून पावसाळाभर सासरे दुधाची कॅन डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून जायचे आणि सासूबाई काठावर पदर तोंडात धरून उभ्या.

घर वस्तीत धरायची रीत एकच. दिवाळीच्या पाडव्याला दारोदार शेणाचा गोवर्धन करतात, उताण्या झोपलेल्या माणसासारखा, आणि सजवलेली सगळी ढोरं तो तुडवत जातात. ज्याच्या दारचा गोवर्धन तुडवला गेला, ते घर वस्तीचं.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांच्या विनवण्यांना यश आलं. वस्तीतली सगळ्यात मोठी गवळण, जिला सगळे दादी म्हणत, तिनं कबूल केलं की यंदा ढोरं नाला ओलांडून आमच्या दारी येतील.

आता नवी सून कशी होती ते सांगते. शहरातल्या माधव नगरची, बी.ए. झालेली, गोठ्यापाशी आली की नाकाला रुमाल लावणारी. वडील रेल्वेच्या नोकरीपायी नाशिककडून उज्जैनला आलेले. आमच्याकडे दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी करायची पद्धत, तेवढ्यापुरता बाईसाहेबांना शेणाचा वास चालायचा. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, दारातला गोवर्धन तू कर. ढोरं येणारेत, नीट कर."

नीट म्हटल्यावर मी कशाला थांबते! गोवर्धन केला आणि त्याच्याभोवती गवळणींचा अख्खा बाजार मांडला. एक डोक्यावर मडकं घेतलेली, एक ताक घुसळणारी, एकीच्या कडेवर पोर. मडक्यांवर झेंडूच्या पाकळ्या, भोवती रांगोळी. ढोरं हे सगळं तुडवणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं, सांगायचं कशाला?

थाळ्या वाजल्या. नाल्यातून ढोरं वर आली, पुढे दादीची भुरी म्हैस, शिंगांना रंग, गळ्यात मोरपिसं. मी आरतीचं तबक घेऊन उभी. माझा अंदाज असा की म्हशी चार हात लांब थांबतील, ओवाळून घेतील आणि पाहुण्यांसारख्या परत जातील.

भुरी थांबेना. मी तबक खाली ठेवलं, पदर खोचला आणि हात पसरून तिच्या आडवी उभी राहिले. "हट! हट म्हणते ना!"

"अरे लाड़ी, हटो, आने दो उसको!" मागून गवळी ओरडले. तिकडे नव्या नवरीला लाड़ी म्हणतात.

"बिल्कुल नहीं! सुबह से बैठ के बनाया है मैंने!"

भुरीनं माझ्याकडे पाहिलं. जन्मात तिला कुणी अडवलं नसावं. ती वळली. ती वळली म्हणून सगळ्या वळल्या आणि आल्या तशा नाल्यात उतरून गेल्या. थाळ्या बंद. माझ्या एकाही मडक्याचा टवका उडाला नव्हता. मी अभिमानानं मागे वळले, "आई, वाचल्या!"

सासूबाई दारात झारा घेऊन उभ्या होत्या. "वाचल्या ना? आता पावसाळाभर दूध पलीकडे न्यायला त्यांनाच सांग."

सासरे बराच वेळ नाल्याकडे बघत राहिले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ती कडेवर पोर घेतलेली मात्र फक्कड जमलीय हं."

पुढचा पावसाळा मी काठावर सासूबाईंच्या शेजारी उभी राहून काढला. एकदा प्रवाहात सासऱ्यांचा पाय निसटला, कॅन वाहून गेली, ते एका बाभळीला धरून राहिले. त्या दिवशी माझ्याही तोंडात पदर होता.

दिवाळी जवळ आली तशी मी दादीकडे गेले. ती भुरीची धार काढत होती. मला बघून आधी पोटभर हसली. "क्यों लाड़ी, इस बार भी भैंस से लड़ेगी?"

"नहीं दादी. आप ढोर भेजो, बस."

"मैं तो भेज दूँगी. पर आगे तो ये चलती है, और इसको सब याद रहता है. इसकी मर्ज़ी." भुरीनं माझ्याकडे बघून कान हलवला. मला तो होकार वाटला नाही.

पाडव्याला मी साधासुधा गोवर्धन केला. फक्त त्याच्या पोटावर एकच गवळण ठेवली, मडकंवाली. राहवलं नाही. सासूबाईंनी मला आत लोटून बाहेरून कडी घातली. मी खिडकीच्या गजांना नाक लावून उभी.

भुरी नाला ओलांडून आली आणि अंगणात थबकली. इकडे बघते, तिकडे बघते. मलाच शोधत होती, शपथ! सासऱ्यांनी गूळ पुढे केला, तिनं ढुंकून पाहिलं नाही. शेवटी सासूबाई तिला म्हणाल्या, "अगं, ती नाहीये. कोंडून ठेवलीय तिला. ये तू."

भुरीनं गवळणीच्या मडक्यावरचा झेंडू खाल्ला, सावकाश चावला आणि मग पाय नेमका त्या मडक्यावर ठेवला. मागून सगळी ढोरं आली. मी आत एकटीच टाळ्या वाजवत होते.

पुढच्या पावसाआधी वस्तीतली माणसं बैलगाडीतून दगड घेऊन आली. रपटा झाला त्या संध्याकाळी सासरे काही काम नसताना रिकामी कॅन घेऊन पलीकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. नाल्यात तेव्हा पाणीही नव्हतं.

आता तिथे पक्का पूल आहे, आणि दूध मोटारसायकलवरून शहरात जातं. म्हशी कमी झाल्यात, पण पाडव्याला येतात. यंदा नवी नातसून मोबाइल घेऊन गोवर्धनाच्या अगदी पुढ्यात उभी होती.

"आजी, एकच मिनिट! त्या थांबतील ना?"

"एकदा थांबल्या होत्या," म्हटलं आणि तिचा हात धरून तिला ओट्यावर ओढलं.